मॅडमचा ढग

आमच्या मॅडमनी आयुष्यात कधी दुर्बिणीला डोळा लावला नाही, आणि हे त्या मान वर करून सांगत. बोरीवलीच्या आमच्या कॉलेजात खगोलशास्त्राचं जे काही नाव होतं ते त्यांच्यामुळे. तरी दर हिवाळ्यात मुलं आकाशदर्शनाच्या सहलीला निघाली की मॅडम गेटपर्यंत येत, ‘स्वेटर घेतलेत का रे?’ एवढं विचारत आणि घरी जाऊन गाढ झोपत. ‘दिसणारे तारे बघून मी काय करू? ते जन्माला येऊन मोकळे झाले,’ असं त्यांचं म्हणणं. त्यांना ओढ होती ती अजून जन्माला यायच्या ताऱ्यांची. त्यातही साध्यासुध्या नाही, मोठ्या. आपला सूर्य म्हणजे त्यांच्या लेखी नाकासमोर चालणारा, वेळेवर घरी येणारा माणूस. सूर्याच्या दहापट, वीसपट वस्तुमानाचे दांडगे तारे असतात, ते होतात कसे, हा त्यांचा ध्यास होता.

हे काम करायला रात्र लागत नाही, याचा त्यांना वेगळाच आनंद. मोठे तारे ज्या ढगांच्या पोटात तयार होतात ते ढग इतके दाट आणि काळे, की आतला उजेड बाहेर येतच नाही. आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या लांब लहरींत त्यांचे नकाशे काढावे लागतात. ते काम अवकाशातल्या आणि डोंगरमाथ्यांवरच्या दुर्बिणी करतात आणि काही काळाने ते नकाशे कुणालाही बघायला मोकळे होतात. मॅडम ते दुपारी जेवण झाल्यावर विभागातल्या जुनाट कॉम्प्युटरवर उतरवून घेत. बाहेर टळटळीत ऊन, खाली कॅन्टीनवाल्याची आरडाओरड, आणि वर आमच्या मॅडम सुती साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज घालून, पदर खोचून, काळोखात डोकं घालून बसलेल्या.

मी मुलुंडहून दोन बस बदलून तिथे शिकवायला लागले तेव्हा माझा विषय अगदीच वेगळा होता, काचेवर चढवायच्या धातूच्या पातळ थरांचा. पहिल्याच दिवशी मॅडमनी मला विभागातल्या लोखंडी कपाटासमोर उभं केलं. दारावर चार लोहचुंबकांनी एक चित्र चिकटवलेलं. सगळीकडे धुरकट केशरी उजेड आणि मधोमध एक काळा, वेडावाकडा ठिपका.

‘काय दिसतंय?’

‘डाग,’ मी म्हटलं.

‘शाब्बास. तुझ्याआधीची “किती सुंदर” म्हणाली होती. नोकरी सोडून गेली.’

तो त्यांचा ढग होता. केशरी उजेड म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यातली तापलेली धूळ, आणि काळा ठिपका म्हणजे त्या उजेडाच्या आड उभा राहिलेला थंडगार ढग. हजारो ढगांमधून मॅडमनी हा एक निवडला होता, कारण तो लहान आणि फार काळा होता. जितका काळा तितका दाट, आणि जितका दाट तितका आत मोठा तारा असण्याचा संभव. त्याला कुठल्याशा यादीतला लांबलचक क्रमांक होता, पण मॅडम नुसतं ‘आमचा’ म्हणत. आमचा आज बरा दिसतोय. आमच्याचं वजन परत काढलं. नवीन माणसाला वाटे, घरात कुणी आजारी आहे.

आमच्या प्रयोगशाळेतल्या कदमांनी एकदा तो ओल्या फडक्याने पुसला होता. ‘शाई सांडलेली मॅडम, काढली,’ असं त्यांनी वर कौतुकाने सांगितलं. मॅडमनी नवं चित्र छापून आणलं आणि कदमांना खुर्चीवर बसवून अर्धा तास ढगाची माहिती दिली. परिणाम असा झाला, की त्या वर्षी खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या यंत्रांची पूजा करताना कदमांनी व्होल्टमीटरला, मायक्रोस्कोपला फुलं वाहिली आणि ढगाला अख्खा झेंडूचा हार घातला. मॅडम दारातून आत आल्या. भिंतीवरच्या फोटोला हार कधी घालतात हे आपल्याकडे सांगायला नको.

‘मेल्या,’ मॅडम ओरडल्या, ‘जितो आसा तो अजून!’

मॅडमचं माहेर मालवणकडचं. माहेर म्हणायचं इतकंच, सासर काही त्यांनी केलं नाही. एरवी त्या आमच्यासारखंच मुंबईचं मराठी बोलत, पण फार राग आला किंवा फार आनंद झाला की मालवणी बाहेर पडे. राग मी पुष्कळदा ऐकला होता. आनंदाचं मालवणी ऐकायला मला बरीच वर्षं लागली.

मालवणचं दुसरं चिन्ह म्हणजे त्यांचा डबा. दुपारी सुकटाच्या चटणीचा डबा उघडला की गणिताचे शाहसर आपली खुर्ची उचलून थेट जिन्यापाशी नेत. तरी दोघांचं मेतकूट होतं. मोठा तारा वाढतो कसा, हे मला समजलं ते शाहसरांमुळेच. कोडं असं आहे, की मोठा तारा फार लवकर पेटतो. अजून आजूबाजूचा वायू गोळा करतोय, अंग भरतंय, आणि आतून जळायलाही लागलाय. मग त्याच्याच उजेडाचा दाब इतका वाढतो, की आत येणारा वायू मागे ढकलला जायला हवा. म्हणजे त्याची वाढ तिथेच थांबायला हवी. तरी तो वाढतो. कसा?

स्टाफच्या सत्यनारायणाच्या पंगतीत मॅडम हातात जिलबीचं ताट घेऊन माझ्याजवळ आल्या. ‘बघ आता नीट,’ म्हणाल्या आणि शाहसरांपुढे गेल्या. सरांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले. ‘नहीं मॅडम, बस, पुरे, पुरे.’ मॅडमनी वरून वाढायचा प्रयत्न केला, हात आडवे. पुन्हा प्रयत्न, पुन्हा हात. मग मॅडम बाजूला सरकल्या आणि भाताच्या कडेने, हातांच्या खालून, दोन जिलब्या अलगद पानात सरकवल्या.

‘अस्संच,’ त्या वळून मला म्हणाल्या. ‘समोरून ढकलतो, पण भोवती वायूची चकती असते ना, तिच्यातून कडेकडेने येतच राहतं. उजेड वरून-खालून निघून जातो आणि हा नको नको म्हणत खातो.’

शाहसर बिचारे ‘कोण? मी?’ विचारत राहिले.

दुसरा धडा गणपतीत मिळाला. आमच्या कॉलेजवरून गोराईच्या खाडीकडे जाणारा रस्ता आहे. विसर्जनाच्या दिवशी सुट्टी असे, पण मॅडम मला आणि एम.एस्सी.च्या मुलांना मुद्दाम बोलवून गच्चीवर उभं करत. खाली गल्लीगल्लीतून लहान मिरवणुका निघत, मोठ्या रस्त्याला मिळत आणि सगळी गर्दी एका दिशेने सरके. ‘मोठा तारा एकटा जमत नाही,’ मॅडम ताशांवर आवाज चढवून सांगत. ‘लांब लांब वायूचे तंतू असतात. सगळे एका जागी येऊन मिळतात आणि तिथे माल ओततात. जिथे जास्त गल्ल्या येऊन मिळतात तिथलं वजन वाढतं. कळलं काय?’ मुलांना बहुधा ताशांचा ताल जास्त कळत असावा. पण मी आजही विसर्जनाची मिरवणूक वरून बघते तेव्हा आधी तंतू दिसतात, मग बाप्पा.

धूळ हा मॅडमचा जिव्हाळ्याचा विषय. बोरीवलीत रीडेव्हलपमेंट सुरू झालं, जुन्या इमारती पडायला लागल्या, टेबलावर रोज बोटभर धूळ साचायची. आम्ही शिंकून बेजार. मॅडम मात्र कुणाला पुसू देत नसत. ‘धुळीला नावं ठेवू नका. धूळ आडवी आली म्हणून आत गारवा राहतो. गारवा राहिला म्हणून वायू गोळा होतो. गरम वायू काय, पसरतो नुसता.’ आणि मग त्याच धुळीत बोटाने समीकरण लिहून दाखवत. कदमांनी एकदा गंभीरपणे विचारलं, ‘मॅडम, मग आपल्या विभागात तारा व्हायला किती वेळ लागंल?’

मुलांच्या बाबतीतही त्यांचा हाच नियम होता. खरोखर हुशार मुलगा किंवा मुलगी हाताशी आली, की मॅडम त्याचं नाव घ्यायच्या बंद व्हायच्या. कौतुक नाही, बक्षिसासाठी शिफारस नाही, प्राचार्यांसमोर उल्लेख नाही. बाकीच्यांना वाटे, मॅडमचा याच्यावर राग आहे. उलट त्याला कोपऱ्यातलं टेबल मिळे, अवघड काम मिळे आणि सुकटाच्या चटणीतला वाटाही मिळे. ‘मोठं व्हायचंय त्याला थोडे दिवस झाकून ठेवावं,’ एवढंच त्या म्हणत. मी नोकरीला लागून वर्ष झालं आणि मॅडम माझ्याविषयी कुणापाशी काहीच बोलत नाहीत हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी घरी जाताना स्वतःलाच वडापाव खिलवला.

पण मॅडमची खरी तऱ्हा म्हणजे वैरी नेमणं.

विभागातल्या कुणाचाही निष्कर्ष, मग तो मुलांचा प्रकल्प असो की शिक्षकाचा शोधनिबंध, बाहेर जाण्यापूर्वी एका वैऱ्याच्या हातात द्यायचा. वैऱ्याचं काम एकच, तो मोडून दाखवायचा. त्या दिवशी वैऱ्याला मॅडमकडून कोकम सरबत. वैऱ्याने ‘छान आहे, पण’ असं वाक्य सुरू करायचं नाही. मोडणाऱ्यावर रुसायचं नाही. शेवटी निकाल दोनच, ‘मोडलं’ किंवा ‘अजून मोडलं नाही’. माझ्या पातळ थरांच्या पहिल्या लेखाला मॅडम स्वतः वैरीण बसल्या होत्या. तासाभरात त्यांनी त्याच्या चिंध्या केल्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर आले तर मॅडम दारात सरबताचा दुसरा ग्लास घेऊन उभ्या. ‘रड, पण उद्या परत घेऊन ये. बाहेरच्याने मोडण्यापेक्षा घरच्याने मोडलेलं बरं ना गं.’ तो लेख तिसऱ्या खेपेला ‘अजून मोडलं नाही’पर्यंत पोचला. मॅडमच्या तोंडून ‘छान’ हा शब्द मी अन्नाबाबतही ऐकला नाही.

आता त्यांच्या पीएच.डी.विषयी. तरुणपणी करायची राहिली, कारण आई अंथरुणाला खिळली आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. आई गेली तेव्हा मॅडम पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. दुसरं कुणी असतं तर आता काय करायचंय म्हणून सोडून दिलं असतं. मॅडमनी पुण्याच्या एका संस्थेतले मार्गदर्शक गाठले आणि नाव नोंदवलं. विषय, अर्थातच, आमचा. त्या काळ्या ढगाचं वस्तुमान, तापमान, आतली दाटी, आणि त्यावरून निष्कर्ष, की इथे मोठा तारा जन्माला येतोय. नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं त्या यावर बसल्या. निवृत्ती तोंडावर आली आणि नोंदणीची मुदतही संपत आली, तेव्हा प्रबंध एकदाचा पूर्ण झाला. आईची फार इच्छा होती, असं त्या एकदाच म्हणाल्या. मुदतवाढ आता मिळणार नव्हती. म्हणजे हा प्रबंध गेला तर सगळं गेलं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

छपाईला देण्याआधी मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. गठ्ठा खाली ठेवला. शेजारी कोकम सरबताचा ग्लास ठेवला.

‘आज तू माझी वैरीण.’

‘मॅडम, मी? पुण्याच्या सरांनी बघितलंय ना सगळं.’

‘ते मार्गदर्शक आहेत. त्यांना आता हे संपायला हवंय. तुला माझ्या पद्धती माहीत आहेत, खोडी माहीत आहेत. मोड.’

तोवर मी पातळ थर सोडून त्यांच्याच नकाशांच्या नादी लागले होते, त्यामुळे काय बघायचं ते मला कळत होतं. मी मनापासून बसले. एकेक आकडा तपासला, सगळं चोख. मला बरं वाटत होतं. मग चौथ्या प्रकरणातल्या एका जोडचित्रापाशी थांबले.

त्याचं असं आहे. थंड ढग कपाटावरच्या चित्रात काळा दिसतो, पण त्याहून लांब लहरींच्या नकाशात तोच ढग स्वतः मंद चमकतो, कारण थंड असला तरी त्याला थोडी ऊब असतेच. खरा ढग ओळखायची हीच खूण. एका नकाशात काळा, दुसऱ्यात उजळ. मॅडमच्या दुसऱ्या नकाशात उजळ ठिपका होता, अगदी स्पष्ट. फक्त तो काळ्या ठिपक्यावर नव्हता, जरासा शेजारी होता. मॅडमनी लिहिलं होतं, की दुर्बिणीचा नेम किंचित चुकला असावा, म्हणून दुसरा नकाशा तेवढा सरकवून घेतला आहे. असे नेम चुकतात. या धंद्यातले सगळेच नकाशे थोडेफार सरकवतात. पण नेम चुकला असेल तर सगळा नकाशा सरकलेला हवा. मी आसपासचे बाकीचे ठळक ठिपके दोन्ही नकाशांत जुळवून बघितले. सगळे आपापल्या जागी होते. कुणीही सरकलं नव्हतं.

म्हणजे तो उजळ ठिपका दुसऱ्याच कुणाचा होता. आणि आमचा दोन्हीकडे काळा होता. जो दोन्हीकडे काळा तो ढग नसतो. केशरी उजेड त्या जागी मुळातच विरळ होता. ते एक भोक होतं. तिथे काहीच नव्हतं.

समोरच्या सरबताकडे बघवेना. क्षणभर वाटलं, बोलूच नये. पण ज्या बाईने मला ‘मोडलं’ आणि ‘अजून मोडलं नाही’ एवढ्या दोन निकालांत खोटं न बोलणं शिकवलं होतं तिच्याशीच कसं खोटं बोलायचं? मॅडम खिडकीपाशी डबा धूत होत्या.

‘मॅडम.’

माझा आवाज ऐकून त्या वळल्या. चेहरा बघितला आणि डबा तसाच ठेवला. ‘खंय चुकलंय तां सांग.’

मी दाखवलं. त्या उभ्या उभ्याच बघत राहिल्या. मग खुर्ची ओढली, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि एकेक ठिपका स्वतः जुळवला. मी काही बोलायला लागले की हात वर करून गप्प करत. कॉलेज सुटलं, कदम कुलूप घेऊन दारात येऊन उभे राहिले. मॅडमनी त्यांना आत बोलावलं.

‘कदम, हा ढग नाही. भोक आहे.’

कदमांनी कपाटावरच्या चित्राकडे बघितलं. ‘मॅडम, पुसू का?’ त्यांनी विचारलं, आणि मॅडम हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पदराने पुसलं. मला जाताना म्हणाल्या, ‘मोडलंस. चांगलं मोडलंस,’ आणि न विसरता सरबत प्यायला लावलं. मी ग्लास एका दमात रिकामा केला आणि धुऊन पालथा घातला.

पुण्याच्या मार्गदर्शकांना कळवलं तेव्हा ते खूप हळहळले. चांगला माणूस. ते म्हणाले, नेम चुकल्याची शक्यता म्हणून एक तळटीप घाला, परीक्षक एवढं खोलात जाणार नाहीत, पदवी होऊन जाऊ दे, पुढचं पुढे बघू. प्राचार्यांनीही गळ घातली. शाहसरांनी तर हात जोडले. मॅडम सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेत आणि एकच उत्तर देत, ‘काही नाही तिथे. नाही त्याची तळटीप काय घालू?’ प्रबंध त्यांनी सादरच केला नाही.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला कदम फुलांची टोपली घेऊन कपाटासमोर घुटमळत होते. मॅडमनी टोपलीतला सर्वांत मोठा हार उचलला आणि स्वतःच्या हाताने चित्राला घातला. ‘आता चालेल,’ म्हणाल्या.

निरोपसमारंभ मात्र मी विसरणार नाही. फलक आधीच छापून आला होता, त्यावर मॅडमच्या नावाआधी ‘डॉ.’ लागलं होतं. प्राचार्यांनी भाषणातही तेच म्हटलं, टाळ्या पडल्या. मॅडम उठल्या, स्पोर्ट्स शूज करकरत माईकपाशी गेल्या.

‘मी डॉक्टर नाही,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या ढगात तारा होता असं मला वाटत होतं. ढगच नव्हता. ते हिने शोधलं.’ आणि माझ्याकडे बोट दाखवलं. सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. ‘इतकी वर्षं मी हिचं नाव कुणापुढे घेतलं नाही. आता घेते.’ आणि त्यांनी माझं नाव घेतलं, पूर्ण, आईवडिलांनी ठेवलेलं, नीट सावकाश. मग नारळ आणि शाल घेऊन खाली आल्या. मी रडत होते ते त्यांनी बघितलं आणि माझ्या हातात नारळ दिला. ‘धर जरा. जड आहे.’

निवृत्तीनंतर त्यांची बिल्डिंगही रीडेव्हलपमेंटला गेली. नवा टॉवर उभा राहीपर्यंत बाकीच्यांनी कांदिवली-दहिसरला भाड्याने घरं घेतली. मॅडमनी थेट खाडीपलीकडे, मनोरीच्या कोळीवाड्यात खोली घेतली. कुणी विचारलं तर म्हणत, ताजी मासळी दारात येते, आणखी काय पाहिजे?

मी कॉलेजात त्यांच्या जागी बसले. कपाटावरून चित्र काढलं नाही. पण त्या चित्राच्या शेजारचा उजळ ठिपका माझ्या मनातून जाईना. तो कुणाचा होता? मग नवे, अधिक बारीक नकाशे खुले झाले आणि मी खोदत गेले. तो ढगच होता, खरा, चांगला भला मोठा. तो आकाशगंगेच्या पार पलीकडच्या अंगाला होता. सगळा केशरी उजेड त्याच्या अलीकडे पडत होता, म्हणून पहिल्या चित्रात त्याची सावलीसुद्धा नव्हती. मॅडमनी काळोखात शोधलं आणि तो उजेडाच्या मागे बसला होता. लोकांच्या यादीत तो नुसता एक क्रमांक म्हणून होता, आत कुणी डोकावलं नव्हतं. आत वायूचे लांब तंतू चारी बाजूंनी एका जागी येऊन मिळत होते, आणि तिथे एक ऊबदार ठिपका होता. पेटलेला, आणि तरी अजून भोवतालचं ओढून घेणारा.

लेख लिहून झाला. वैरी म्हणून दुसरं कुणाचं नाव मनात येणं शक्यच नव्हतं. मी फोन केला. ‘शनिवारी ये,’ मॅडम म्हणाल्या. ‘सकाळी ये. वेळ लागेल मोडायला.’

मार्व्याच्या धक्क्यावरून खाडी ओलांडणारी बोट पकडली. मनोरीला उतरले तर रस्त्याकडेला बांबूंवर बोंबील वाळत घातलेले आणि त्यांच्या वासात मॅडम उभ्या, पायात तेच शूज. खोलीत गेल्या गेल्या सरबत त्यांनी मला दिलं नाही, स्वतः घेतलं. आज वैरीण त्या होत्या.

पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा, ‘सगळा नकाशा सरकलाय का ते बघितलंस?’

‘बघितलं, मॅडम.’

‘दाखव.’

मग दिवसभर त्यांनी मला पिळून काढलं. अंतर कशावरून? तंतू खरे की एकामागे एक आलेल्या दोन ढगांचा भास? ऊब ताऱ्याची की शेजाऱ्याची? दुपारी कोळीण आली तेव्हा पापलेटाचा भाव करता करताच मागे वळून ‘आणि वेग मोजताना काय धरलंस?’ विचारलं. जेवताना एक चूक सापडली तेव्हा मी हातातला घास ताटात ठेवला. ती आकृतीवरच्या मापाची निघाली, हिशेबाची नाही. मधेच मी म्हटलं, ‘मॅडम, लेखावर तुमचं नाव घालायचंय. ढग तुमच्यामुळे सापडला.’ त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ‘वैरिणीचं नाव लेखावर नसतं. नियम कुणाचा आहे?’

उन्हं कलली. शेवटच्या पानावर त्या बराच वेळ थांबल्या. मग लॅपटॉप बंद केला आणि मला धक्क्यावर पोचवायला निघाल्या. निकाल सांगितला नव्हता. विचारायची माझी छाती होईना. मी बोटीत चढले. मोटरसायकली चढत होत्या, एक मासळीवाली रिकाम्या टोपल्या घेऊन माझ्या शेजारी बसली. मॅडम काठावर, पदर वाऱ्याने उडू नये म्हणून कमरेशी धरून उभ्या.

‘मोडत नाय गो,’ त्या म्हणाल्या.

बोट सुटली. दोन हात पाणी मधे आलं आणि मॅडम एकदम, लहान मुलीसारख्या, हात उंचावून ओरडल्या, ‘मोठो आसा मां?’

‘मोठा आहे मॅडम!’ मीही ओरडले. ‘अजून जेवतोय!’

मॅडमनी आडव्या हाताने, कडेकडेने, पानात काहीतरी सरकवल्याची खूण केली.

बोटीतले लोक बघत होते. मासळीवालीने माझे डोळे पुसून होईपर्यंत वाट बघितली आणि काठाकडे मान करून विचारलं, ‘आजी का पोराची?’

मी हो म्हटलं.